पोर्ट्रेट दाखवलं की 'छान' किंवा 'फ्लॅट वाटतंय' एवढंच ऐकू येतं. उपयोगी पडेल असा अभिप्राय कसा मिळवायचा?

नवखा_क्लिक

क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, सोबत १८-५५ किट लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८. फ्लॅश नाही. खिडकीच्या उजेडात किंवा बाहेर सावलीत माणसांचे फोटो काढायचा सराव चालू आहे.

अडचण अभिप्रायाची आहे. ओळखीचे लोक 'मस्त' म्हणतात. फोटोग्राफी करणाऱ्यांपैकी एक म्हणतो बॅकग्राउंड अजून ब्लर हवं, दुसरा म्हणतो उगाच ब्लर केलंय. 'लाइट फ्लॅट आहे', 'पोज अवघडलेली आहे' हेही ऐकलं. पण पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं, ते यातून कळत नाही.

एका फोटोची माहिती देतो. ५० मिमी, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ/१.८, शटर १/८० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, अंतर अंदाजे दीड मीटर. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस घेऊन मग कॅमेरा हलवून फ्रेम जमवली. खिडकी मॉडेलच्या पाठीमागे, थोडी बाजूला. छताचा दिवा चालू. परिणाम असा की डोळे मऊ, चेहरा काळपट आणि एका गालावर पिवळट झाक.

अभिप्राय कसा मागावा, कोणता धरावा, कोणता सोडावा?

---

खिडकीचा_उजेड

तुम्ही दिलेली माहिती वाचूनच अर्धं उत्तर मिळतं. याचा अर्थ अभिप्राय मागताना हीच माहिती सोबत द्यायची. लेन्स, अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ, अंतर, उजेड कुठून होता आणि फोकस कसा घेतला. शेवटच्या तीन गोष्टी फाइलमधून समोरच्याला भरवशाने कळत नाहीत, आणि पोर्ट्रेट बहुतेक वेळा तिथेच फसतं.

आता तुमचा फोटो. मऊ डोळ्यांची तीन कारणं असू शकतात आणि इथे तिन्ही हजर आहेत.

पहिलं, डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे जेवढा पट्टा शार्प दिसतो तो. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी, एफ/१.८ आणि दीड मीटर अंतर म्हणजे सगळं मिळून साधारण साडेसहा सेंटिमीटर. एक मीटरवर गेलात तर जेमतेम तीन.

दुसरं, फोकस घेऊन फ्रेम हलवणं. दीड मीटरवरून कॅमेरा १५ अंश वळवला तर फोकसचं प्रतल डोळ्याच्या साधारण पाच सेंटिमीटर मागे सरकतं. साडेसहा सेंटिमीटरपैकी डोळ्याच्या पुढे-मागे सव्वातीन-सव्वातीनच हाताशी असतात. म्हणजे डोळा बाहेर आणि कान शार्प. कॅमेऱ्यात आय डिटेक्शन (डोळा आपोआप शोधून फोकस करणं) असेल तर ते लावा. नसेल तर मधला पॉइंट सोडून डोळ्याजवळचा पॉइंट निवडा आणि कॅमेरा हलवू नका.

तिसरं, १/८०. हात स्थिर असला तरी समोरचा माणूस श्वास घेतो, डोलतो, बोलतो. बसलेल्या मोठ्या माणसाला १/२०० धरा, लहान मुलांना १/५००.

यातलं कोणतं कारण लागू झालं ते १०० टक्के झूमवर कळतं. कान किंवा केस शार्प असतील तर फोकस मागे गेला. सगळीच फ्रेम एका दिशेने ओघळल्यासारखी असेल तर कॅमेरा हलला. खुर्चीची कड शार्प आणि फक्त चेहरा पुसट असेल तर माणूस हलला. म्हणून पूर्ण फोटोबरोबर डोळ्याचा १०० टक्के क्रॉपही दाखवा. लहान केलेल्या फोटोत मऊ फोकस लपतो आणि बघणारा प्रामाणिकपणे 'शार्प आहे' म्हणतो.

काळपट चेहऱ्याचं कारण मागची खिडकी. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरने तिचा उजेड हिशेबात धरला आणि चेहरा अंधारात ठेवला. पिवळी झाक दिव्याची. खिडकीचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास किंवा त्याहून निळा आणि घरगुती पिवळा दिवा २७०० ते ३०००. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार पांढरा रंग जुळवणारं सेटिंग) एकाच उजेडाला सांभाळू शकतो, दुसरा रंग गालावर राहणारच. दिवा बंद करा, विषय संपला.

आणि हे सगळं सेटिंगमधून सुधारायला जाऊ नका. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. एफ/२.८ केलं की सव्वा स्टॉप गेला, १/२०० केलं की आणखी एक आणि तिसरा भाग, चेहरा उजळायला वर सव्वा स्टॉप. आयएसओ ४००चा थेट ६४००च्या घरात जातो. त्यापेक्षा खुर्ची फिरवा. माणूस खिडकीपासून मीटरभरावर, चेहरा खिडकीकडे साधारण ४५ अंशांत. यातले बरेचसे स्टॉप फुकटात परत मिळतील.

---

सावली_आधी

वरच्या निदानाशी सहमत. मूळ प्रश्न अभिप्राय मागण्याचा आहे, त्यावर लिहितो.

'कसा वाटला?' या प्रश्नाला 'छान' हेच उत्तर येणार. फोटोग्राफी न करणाऱ्याला तंत्राचं काही विचारू नका. त्याला दोनच प्रश्न पुरेत: नजर आधी कुठे गेली? आणि हा माणूस कसा वाटतो? त्याने 'मागच्या पांढऱ्या बादलीकडे' किंवा 'रागावलेला वाटतो' म्हटलं तर ती अस्सल माहिती आहे. ती फोटोग्राफर लोकांकडून सहसा मिळत नाही, कारण ते थेट बोकेकडे (मागच्या ब्लरच्या पोताकडे) बघायला लागतात.

फोटोग्राफी करणाऱ्याला मात्र हो-नाही स्वरूपाचा, एका जागेवर बोट ठेवणारा प्रश्न विचारा. 'नाकाची सावली ओठांना टेकते आहे, खटकते का?' 'कपाळावरचा चकाकता भाग जास्त झालाय का?' 'डोळ्यात कॅचलाइट (उजेडाचा चमकता ठिपका) पुरेसा आहे का?' आणि काय साधायचं होतं ते एका वाक्यात लिहा. मुद्दाम गंभीर, अर्ध्या अंधारातलं पोर्ट्रेट हवं होतं हे सांगितलं नाहीत, तर दहा जण सावली उजळायचा सल्ला देतील.

एका वेळी एक फोटो, फार तर तीन. पंधरा फोटोंचा अल्बम टाकला की लोक सगळ्यांत आवडलेला सांगतात आणि चुका तशाच राहतात.

परस्परविरोधी सल्ल्यांचं गणित सोपं आहे. लोक औषध सांगतात, तुम्ही त्यामागचं लक्षण शोधा. 'ब्लर वाढव' म्हणणाऱ्याचं लक्ष मागच्या कशाने तरी वेधून घेतलंय. 'ब्लर कमी कर' म्हणणाऱ्याला कान आणि केस विरघळलेले दिसताहेत. दोघंही बरोबर असू शकतात! अशा वेळी अ‍ॅपर्चरला एकट्याला कामाला न लावता माणसाला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आणा आणि एफ/२.८ ते एफ/४ वर काढा. चेहरा पुरेसा शार्प राहतो आणि मागचं मागे राहतं. डोक्यामागे येणारी उभी दांडी किंवा उजळ चौकोन एक पाऊल बाजूला सरकून टाळता येतो, त्याला कोणतीही लेन्स लागत नाही.

'लाइट फ्लॅट आहे' याचंही तसंच. त्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच असतो की चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्याच उजळ आहेत. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर असंच होणार. खुर्ची फिरवत जा आणि नाकाची सावली बघा. ती थोडी खाली, गालाकडे पडली की लूप. आणखी वळवलं की ती गालाच्या सावलीला मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो, तो रेम्ब्रांट. ९० अंशांवर अर्धा चेहरा सरळ काळोखात. नावं पाठ केली नाहीत तरी चालेल, पण अंधाऱ्या बाजूच्या डोळ्यात निदान एक ठिपका उजेड आहे की नाही हे शटर दाबायच्या आधी बघायची सवय लावा. नसेल तर त्या बाजूला अर्ध्या-पाऊण मीटरवर पांढरा कार्डशीट किंवा थर्मोकोल धरा. उलट फ्लॅटपणा घालवायचा असेल तर त्याच जागी काळं कापड.

एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट टिपून ठेवा, तीन जणांनी स्वतंत्रपणे सांगितलेली एकच गोष्ट लगेच तपासा. तपासायची म्हणजे वाद घालायचा नाही, पुन्हा फोटो काढायचा. तोच माणूस, तीच खुर्ची, तीच वेळ, आणि एकच गोष्ट बदललेली. जुना-नवा शेजारी ठेवून दाखवा आणि विचारा, 'कोणता, आणि का?' जोडी समोर असली की लोक अचानक नेमकं बोलायला लागतात.

---

रॉ_फाइल

एक भर आणि एक मतभेद.

भर अशी की निवडलेला फोटो एकटा दाखवू नका. त्या बैठकीतल्या सलग २०-३० फ्रेम छोट्या आकारात एका पानावर मांडून तेही दाखवा, म्हणजे कॉन्टॅक्ट शीट. त्यात जे दिसतं ते एका फोटोत दिसत नाही. सगळ्या फ्रेम एकाच उंचीवरून काढल्यात, तुम्ही जागचे हललाच नाहीत, पहिल्या दहा फ्रेममध्ये माणूस आखडलेला होता आणि नंतर सैलावला. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे निवड. बरेच नवखे सर्वांत शार्प फ्रेम उचलतात आणि सर्वांत जिवंत हावभाव शेजारच्या फ्रेममध्ये पडून राहतो. निवडीवरचा अभिप्राय सहसा कोणी मागत नाही, पण खरी प्रगती तिथून होते असं माझं ठाम मत आहे.

मतभेद थेट वर कोणाशी नाही, पण 'एडिट न केलेला फोटोच दाखवा' हा सल्ला सर्रास दिला जातो, त्याच्याशी आहे. कॅमेऱ्यातून आलेली जेपेगसुद्धा एडिटच असते, फक्त ते काम कॅमेऱ्याने केलेलं असतं. दोन्ही दाखवा. मूळ फ्रेमवरून उजेड, फोकस, पोज कळते. एडिटवरून कळतं की तुम्ही काय लपवताय. नवख्यांच्या एडिटमध्ये तेच ते दिसतं. त्वचा इतकी गुळगुळीत की छिद्रं गायब, डोळ्यांचा पांढरा भाग कागदासारखा पांढरा, आणि सॅच्युरेशन वाढवल्यामुळे केशरी झालेला चेहरा. रंग उजळायचाच असेल तर सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स (मुख्यतः फिके रंग वाढवणारं, त्वचेला सांभाळणारं सेटिंग), तेही हलक्या हाताने. त्वचेचं स्मूदिंग लावलंत तर शेवटी त्याची तीव्रता निम्म्यावर आणा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

एक्स्पोर्ट एसआरजीबी या सर्वसाधारण स्क्रीनच्या कलर स्पेसमध्ये करा. दुसरी कलर स्पेस राहिली तर बऱ्याच ठिकाणी रंग मेलेले दिसतात आणि लोक व्हाइट बॅलन्सला दोष देतात. स्क्रीनची ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलं की उलटं होतं: तुम्हाला बरोबर वाटलेला फोटो इतरांना काळपट दिसतो. त्यामुळे उजेडाबद्दल शंका असेल तर डोळ्यांवर विसंबू नका, हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) बघा.

---

नवखा_क्लिक

सविस्तर प्रतिसादांबद्दल धन्यवाद. फोकस हलवण्याचं गणित डोक्यात शिरलं. दोन गोष्टी अजून अडतात. एक, 'पोज अवघडलेली' याचं काय करायचं? दोन, ज्याचा फोटो काढला त्यालाच तो आवडत नाही आणि इतरांना आवडतो, असं वारंवार होतं. कोणाचं धरायचं?

---

मान_थोडी_पुढे

पोजचा अभिप्राय मागताना शरीराचा भाग सांगून मागा, कारण 'अवघडलेली' हे पाच वेगळ्या चुकांचं एकच नाव आहे.

खांदे कॅमेऱ्याला समांतर असले की ओळखपत्राचा फोटो होतो. शरीर ३० ते ४५ अंश वळवा आणि चेहरा परत कॅमेऱ्याकडे आणा. उभ्या माणसाला वजन मागच्या पायावर टाकायला सांगा. खांदे कानांकडे चढलेले असतील तर 'रिलॅक्स व्हा' म्हणून उतरत नाहीत. खोल श्वास घेऊन सोडायला सांगा आणि सोडतानाच शटर दाबा.

हनुवटी. मागे खेचली की गळ्याशी वळी पडते, वर केली की नाकपुड्या दिसतात. कपाळ कॅमेऱ्याकडे पुढे आणि मग हनुवटी किंचित खाली, असं सांगा. त्या माणसाला हे विचित्र वाटेल, समोरून मात्र जबड्याची रेघ स्वच्छ दिसते. तोंडी सांगण्यापेक्षा स्वतः करून दाखवलेलं लवकर समजतं.

चेहरा बाजूला वळवत असाल तर नाकाचं टोक पलीकडच्या गालाच्या रेषेबाहेर जाऊ देऊ नका. एकतर थोडं अलीकडे थांबा, नाहीतर पूर्ण प्रोफाइल घ्या. मधलं काही चांगलं दिसत नाही.

हात रिकामे असले की लटकतात. काहीतरी काम द्या: बाही सारखी करणं, खुर्चीची पाठ धरणं. हाताची पूर्ण मागची बाजू कॅमेऱ्याकडे आली तर चेहऱ्याइतकीच मोठी दिसते, करंगळीकडची कड पुढे ठेवा. क्रॉप मनगट, कोपर, गुडघा अशा सांध्यावर नको. दोन सांध्यांच्या मध्ये कापा.

आणि अंतर! 'नाक मोठं दिसतंय' ही तक्रार लेन्सची नसते, तुम्ही फार जवळ गेल्याची असते. किट लेन्सवर करून बघा. चेहऱ्याचा आकार फ्रेममध्ये तोच ठेवून २४ मिमीवर ६५ सेंमी, ३५ मिमीवर ९५ सेंमी, ५५ मिमीवर दीड मीटर. तिन्ही शेजारी ठेवा. पहिल्यात कान मागे पळालेले आणि नाक पुढे आलेलं दिसेल. छाती-खांद्यांच्या पोर्ट्रेटला दीड ते दोन मीटर सुरक्षित.

तुमचा दुसरा प्रश्न. माणूस स्वतःला रोज आरशात, उलटा बघतो. फोटोत भांग दुसऱ्या बाजूला जातो, तिरकं हसू दुसरीकडे झुकतं आणि चेहरा परका वाटतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रीय प्रयोगात हेच दिसलं होतं, लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा पसंत पडली आणि त्यांच्या मित्रांना सरळ प्रतिमा. म्हणून फोटो आडवा उलटवून त्यांना दाखवा. उलटा आवडला तर तुमच्या फोटोत दोष नाही. तोही नावडला तर विचारा, नेमकं काय. 'दात', 'गळा', 'एक डोळा बारीक' असं ठोस उत्तर आलं तर ते सर्वांपेक्षा वरचढ धरा, कारण पुढच्या वेळी कोणती बाजू कॅमेऱ्याकडे ठेवायची ते त्यातून ठरतं.

---

सावली_आधी

पोजवरचा प्रतिसाद +१.

एक राहिलं होतं. अभिप्रायासाठी फोटो सार्वजनिक ठिकाणी टाकणार असाल तर त्या व्यक्तीची परवानगी आधी घ्या, 'टीका मागायला टाकतोय' हे शब्दशः सांगून. स्वतःच्या हनुवटीवर अनोळखी लोकांची चर्चा वाचायला कोणाला आवडेल? मुलांचे फोटो असतील तर पालकांना विचारा. फाइलमध्ये जीपीएसची नोंद असेल तर ती काढा, बाकीचा एक्झिफ (फाइलमध्ये साठलेली कॅमेरा-सेटिंगची माहिती) राहू द्या.

---

नवखा_क्लिक

पुढच्या बैठकीसाठी ठरवलेलं लिहितो, चुकत असेल तर सांगा. दिवा बंद. खुर्ची खिडकीपासून एक मीटर, चेहरा ४५ अंशांत. भिंत मागे दोन मीटर. एफ/२.८, १/२००, ऑटो आयएसओ. आय डिटेक्शन नाही, त्यामुळे डोळ्याजवळचा फोकस पॉइंट. चेहरा काळपट येऊ नये म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेल्या उजेडात आपण केलेली वाढ-घट) +१.३ स्टॉप. पांढरा कार्डशीट असलेली आणि नसलेली अशी जोडी काढून इथे दाखवेन.

---

खिडकीचा_उजेड

एक-दोन गोष्टी सोडून सगळं बरोबर. ते +१.३ आता काढा. खिडकी पाठीमागे होती तेव्हा त्याची गरज होती. आता उजेड चेहऱ्यावर आहे, तेवढं वाढवलंत तर खिडकीकडचं कपाळ आणि गाल उडतील, आणि जेपेगमध्ये उडालेली त्वचा परत येत नाही. शून्यावर सुरू करा, हायलाइटची लुकलुकणारी सूचना चालू ठेवा. चेहऱ्यावर कुठेही लुकलुक दिसली तर -०.३ करत खाली या. मागची भिंत गडद असेल तर मीटर उलट चेहराच जास्त उजळ करेल, तेव्हा -०.७ पर्यंत जावं लागेल. माणसाचा वर्ण खूप गोरा किंवा सावळा असेल तरी मीटर फसतो. तो सगळं मधल्या करड्याकडे ओढतो, म्हणून गोऱ्या चेहऱ्याने फ्रेम भरली असेल तर थोडं वाढवा, सावळ्या चेहऱ्याने भरली असेल तर थोडं कमी करा.

जोडी काढताना ऑटो आयएसओ नको. कार्डशीट आला की कॅमेरा स्वतःच आयएसओ खाली आणेल आणि दोन्ही फोटोंतला फरक पुसट होईल. पहिल्या फ्रेमचा आयएसओ बघून मॅन्युअलमध्ये तोच पक्का करा, व्हाइट बॅलन्सही ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा. आणि ढग येत-जात असतील तर दोन्ही फ्रेम लगोलग घ्या.